पलटणीत गेलेल्या पूर्वजाचा माग

सातारा, रत्नागिरी, कुलाबा या जुन्या जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या चावडीच्या, देवळाच्या अथवा शाळेच्या भिंतीत पांढऱ्या संगमरवराची एक लहानशी शिळा बसविलेली आढळते, आणि तिच्यावर या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतके लोक गेले व त्यांपैकी इतक्यांनी आपले प्राण दिले, एवढाच मजकूर कोरलेला असतो. गावाने माणसे किती दिली हे ती शिळा सांगते. ती माणसे कोण, हे मात्र सांगत नाही. ज्या घरात ‘आमचे पणजोबा बसऱ्याच्या लढाईत होते’ एवढीच एक आठवण तीन पिढ्या तोंडोतोंडी चालत आलेली असते, त्या घरातील एखाद्या जिज्ञासू मुलाने किंवा मुलीने शिळेवरच्या त्या आकड्यात आपला माणूस धरला आहे की नाही, तो कोणत्या पलटणीत होता, कोठे लढला आणि परतला असल्यास केव्हा परतला, हे शोधावयाचे मनात आणले, तर त्याने कोणत्या क्रमाने, कोणती दप्तरे, कोणत्या अपेक्षेने पाहावीत, एवढे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बहुतेक मंडळी हा शोध उलट्या टोकाकडून आरंभितात. लंडनच्या ग्रंथालयात आपल्या घराण्याची समग्र हकीकत बांधून ठेवलेली असेल अशी त्यांची समजूत असते, आणि तिकडे केवळ आडनाव लिहून पाठविले की निराशाजनक उत्तर येते. याचे कारण दप्तराच्या स्वभावातच आहे. लष्करी दप्तर माणसाला त्याच्या कुळावरून ओळखीत नाही. पलटण, नंबर आणि गाव या तीन खुणांवरून ओळखते. जाधव, शिंदे, पवार, मोरे या आडनावांचे शिपाई एकेका पलटणीत डझनांनी असत, आणि त्यांत धोंडी व बाबू यांसारखी नावेही वारंवार येत. म्हणून या तीन खुणांपैकी निदान दोन हाती आल्यावाचून कोणत्याही दूरच्या कचेरीला पत्र लिहू नये. आणि त्या खुणा बहुधा घरात व गावातच सापडतात.

घरचे दप्तर

घरातील पहिला पुरावा म्हणजे पदक. पहिल्या महायुद्धातून आलेल्या शिपायाच्या घरी साधारणतः एक रौप्यपदक, इंद्रधनुष्यी फितीचे एक पिवळसर धातूचे विजयपदक, आणि तो आरंभीच रणभूमीवर गेला असल्यास ब्राँझचा एक तारा, अशी पदके येत. पाहणारा पदक हाती घेतो तो राजाचा मुखवटा न्याहाळतो आणि खाली ठेवतो. परंतु वाचावयाचे असते ते पदकाच्या कडेवर, आणि ताऱ्याच्या बाबतीत त्याच्या पाठीवर. खिडकीच्या उजेडात पदक आडवे धरून भिंगातून त्याची कड हळूहळू फिरविली, की बारीक रोमन अक्षरांत प्रथम एक नंबर, मग हुद्दा, मग नाव आणि शेवटी पलटण अशी ओळ वाचता येते. अवघ्या बोटभर लांबीच्या त्या ओळीत शोधाच्या तीनपैकी दोन किल्ल्या असतात. याच कारणास्तव पदक चिंचेने, राखेने किंवा पितांबरीने घासू नये. तांब्याभांड्यांना जी चकाकी भूषण ठरते ती येथे अक्षरे झिजविते. रौप्यपदक कधीकाळी अडचणीत सोनाराकडे गेलेले असले तरी विजयपदकाला बाजारात मोल नसल्यामुळे ते पुष्कळदा देव्हाऱ्यात वा पेटीच्या तळाशी टिकून राहिलेले असते.

दुसऱ्या महायुद्धातील ताऱ्यांवरून युद्धभूमीचा अंदाज करता येतो. आफ्रिका स्टार असेल तर उत्तर आफ्रिका किंवा एरिट्रिया–अबिसीनियाकडील मोहीम, इटली स्टार असेल तर इटली, बर्मा स्टार असेल तर ब्रह्मदेशाची आघाडी, असा हा सरळ हिशेब आहे. १९४१ साली एरिट्रियातील केरेनच्या डोंगरात लढलेल्या मराठा शिपायाच्या घरी आफ्रिका स्टार निघावा, हे त्यामुळे स्वाभाविकच होय.

पदकाखालोखाल महत्त्वाचा कागद म्हणजे डिस्चार्जचा दाखला. त्यावर भरतीची तारीख, नोकरीची मुदत, वर्तणुकीचा शेरा, बरतर्फीचे कारण, गाव, तालुका, जिल्हा आणि शरीरावरील खुणा नोंदलेल्या असतात. पेन्शनीचे पुस्तक, मनीऑर्डरींच्या पावत्या आणि जमिनीच्या सनदा यांनाही हाच न्याय लावावा. छायाचित्र असल्यास मागील बाजूवरील स्टुडिओचा शिक्का प्रथम वाचावा, कारण बेळगाव, पुणे कँप किंवा देवळाली असे त्यावरील स्थलनाम मुक्कामाची दिशा दाखविते. नंतर टोपीवरील बिल्ला व खांद्यावरील अक्षरे मोठी करून पाहावीत. असे जुने कागद लॅमिनेट करण्याचा मोह आवरावा. एकदा प्लॅस्टिकमध्ये वितळून बसलेला कागद पुन्हा मोकळा करता येत नाही. त्यांची चांगली छायाचित्रे काढून मूळ कागद सुती कापडात अथवा आम्लरहित कागदात सपाट ठेवावेत.

वडीलधाऱ्यांना विचारताना ‘आजोबांविषयी काही सांगा’ असा मोघम प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तरही मोघमच मिळते. पेन्शन आणावयास कोण जात असे, कोणत्या गावच्या ट्रेझरीत वा टपाल कचेरीत जात असे, आणि पैसे आजोबांच्या नावाने येत की आजीच्या, असे बारीक प्रश्न विचारावेत. आजीच्या नावाने पेन्शन येत असे हे एकदा कळले, की आजोबा नोकरीत असताना वारले किंवा पेन्शनर होऊन वारले, असे दोनच तर्क उरतात. घरातील स्त्रियांना हे तपशील अधिक नेमके ठाऊक असतात, कारण त्या पैशांवर संसार त्यांनी चालविलेला असतो. पलटणीचे टोपणनाव कोणाच्या तोंडी असेल तर ते जसेच्या तसे टिपावे. ‘काळी पाचवी’ किंवा ‘जंगी पलटण’ ही नावे ऐकणाऱ्याला गोष्टीतली वाटली तरी ती विशिष्ट पलटणींचीच नावे आहेत, आणि त्यांचा उलगडा पुढे होईलच.

गावचे दप्तर

शिपाई लष्कराच्या कागदावर काही वर्षेच राहिला. गावच्या कागदावर त्याचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. म्हणून पलटणीकडे जाण्यापूर्वी तलाठी चावडी व तहसील कचेरी येथील दप्तर पाहणे फायद्याचे ठरते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीची पद्धत १९०३ च्या कायद्याने सुरू झाली, आणि तेव्हापासूनचे फेरफार, म्हणजे गाव नमुना सहाच्या वह्या, हा कुटुंबाच्या इतिहासाचा कणा होय. खातेदार मयत झाला की वारसांची नोंद होते; आणि त्या नोंदीत मृताची विधवा, मुलगे, त्यांची वये, आणि मुलगा अज्ञान असेल तर त्याच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ अशी अक्षरे व त्यापुढे अज्ञानाचे पालन करणाऱ्याचे, बहुधा आईचे, नाव येते. १९१६ ते १९१९ या काळातील अशा एखाद्या नोंदीत तरणाताठा खातेदार मयत आणि अ. पा. क. म्हणून त्याची बायको असे आढळले, तर तो मृत्यू लढाईतला, की १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतला, हा प्रश्न उभा राहतो. आणि त्याचा निवाडा कोतवाल बुकाने, म्हणजे गाव नमुना चौदाच्या जन्ममृत्यूच्या वहीने, होऊ शकतो. गावात वारलेल्याची नोंद त्या वहीत असावयास हवी. ती नसेल, आणि वही अखंड असेल, तर मृत्यू गावाबाहेर झाला हे अनुमान बळावते. नोंद नसणे हादेखील अशा रीतीने एक पुरावा होतो, मात्र वहीची पाने गहाळ नाहीत याची खात्री आधी करून घेतली पाहिजे.

या जुन्या वह्यांतील पुष्कळशी नोंद मोडीत आहे. मराठा–कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून तहसील कचेऱ्यांतील हे दप्तर मोठ्या प्रमाणावर बाहेर काढले गेले, तपासले गेले आणि त्यातील बरेचसे संगणकावरही आले. त्या कामाचा लाभ सैनिकाचा माग काढणाऱ्यानेही घ्यावा. भूमी अभिलेख खात्याकडील कडईपत्रके, सूड व आकारबंद या जुन्या जमीन-आकारणीच्या कागदांतून त्याहूनही मागील पिढीचा खातेदार कळतो. प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर जुने असेल तर त्यात शिपायाच्या मुलाच्या नावापुढे पालकाचा धंदा लिहिलेला असतो, आणि तेथे ‘लष्करात नोकरी’ अशी दोन शब्दांची नोंद कधी कधी सारा संशय फेडते.

जिल्ह्यांच्या हद्दी बदलल्या आहेत हेही ध्यानी धरावे. लष्करी कागदात ‘सातारा’ असे असले तरी गाव आज सांगली जिल्ह्यात असू शकते, कारण तो भाग १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला. आणि ‘रत्नागिरी’ लिहिलेले मालवणकडील गाव १९८१ पासून सिंधुदुर्गात आहे.

वंशावळीसाठी सरकारी दप्तराबाहेरही दोन जुनी भांडारे आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, प्रयाग, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्याने स्वहस्ते किंवा उपाध्यायाच्या हाताने आपले नाव, बापआजांची नावे, भाऊबंद आणि गाव लिहून ठेवलेले असते. युद्धावरून सुखरूप परत आलेला शिपाई यात्रेस जाऊन आला असेल तर त्याच्या नावापुढे पलटणीचा उल्लेखही मिळू शकतो. दक्षिण महाराष्ट्रात व बेळगावकडे हेळवी मंडळी सुगीनंतर गावोगाव फिरून घराण्यांच्या पिढ्या वाचून दाखवितात. त्यांच्या वहीतील पिढ्यांची रुजवात फेरफारांशी करावी. दोन्ही जुळल्या तर आधार बळकट झाला, न जुळल्या तर दोन्ही नोंदी लिहून ठेवाव्यात आणि घाईने एकीला खोटे ठरवू नये.

पलटणीचे दप्तर

पलटणीची नावे व क्रमांक वारंवार बदलले, आणि यामुळेच शोधक गोंधळतात. परंतु मुंबईकडील पलटणींपुरता एक सोपा नियम ध्यानी ठेवावा: १९०३ साली लष्कराची पुनर्रचना झाली तेव्हा मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकात शंभर मिळविले गेले. जी मुंबईची पाचवी तीच पुढे १०५ वी. आणि ‘काळी पाचवी’ या नावाचे मूळ हेच. १९२२ साली पुन्हा फेररचना होऊन १०३, १०५, ११०, ११६ व ११७ या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अनुक्रमे पहिली ते पाचवी बटालियन झाल्या आणि ११४ वी ही बेळगावची शिक्षण देणारी दहावी बटालियन झाली. यांपैकी १०३ वी तीच ‘जंगी पलटण’. दुसऱ्या महायुद्धाच्या कागदांवर आढळणारा ‘३/५’ हा आकडा म्हणजे अपूर्णांक नव्हे. पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन, पूर्वीची ११० वी, असा त्याचा अर्थ. याच तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत गाजविलेल्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मराठा पलटणींत केवळ मराठेच होते अशी समजूत करून घेऊ नये. दख्खनी मुसलमानांच्या कंपन्याही त्यांत असत, आणि त्या घराण्यांनी आपला शोध बेळगावकडूनच आरंभावा. उलटपक्षी पुष्कळसे मराठी भाषक सॅपर्समध्ये, तोफखान्यात, खेचरांच्या तांड्यांत किंवा हमाल दलात होते. महार कुटुंबांचा प्रश्न थोडा निराळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्यांची भरती बंद झाली, पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली व युद्धानंतर मोडली, आणि १९४१ साली बेळगावात आजच्या महार रेजिमेंटची उभारणी झाली. ज्या कुटुंबाची आठवण १९१७ च्या पलटणीची आहे त्याने महार रेजिमेंटच्या दप्तरात शोधून निराश होऊ नये. ती पलटण निराळी होती.

कोणत्या रेकॉर्ड कचेरीकडे लिहावयाचे हे दलावरून ठरते. मराठा लाइट इन्फन्ट्रीची रेकॉर्ड कचेरी बेळगावला, महार रेजिमेंटची मध्यप्रदेशातील सागर येथे, बॉम्बे सॅपर्सची खडकीस, तोफखान्याची नाशिक रोडला, रणगाडा दलाची अहिल्यानगरला, आणि नौदलातील खलाशांची मुंबईत मानखुर्दच्या चिता कँपात आहे. अर्ज छोटा व नेमका असावा: सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव, बापाचे नाव, भरतीच्या वेळचे गाव–तालुका–जिल्हा, नोकरीचा अंदाजे काळ, अर्जदाराचे नाते, वारसाच्या पुराव्याची प्रत आणि आपणास नेमके काय हवे आहे, एवढाच मजकूर पुरे. एकाच अर्जात पेन्शनची मागणी आणि इतिहासाची चौकशी यांची सरमिसळ करू नये, नाहीतर अर्ज भलत्याच टेबलावर जाऊन पडतो.

उत्तराची अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. पेन्शन न घेता सुटलेल्या शिपायाचे सेवापत्रक पंचवीस वर्षांनंतर नष्ट करण्याचा लष्कराचा शिरस्ता आहे, आणि युद्धकाळात भरती होऊन युद्ध संपताच घरी परतलेल्या हजारो मराठी शिपायांची गोष्ट हीच आहे. अशा वेळी अर्जात ‘लाँग रोल’ पाहावा अशी स्पष्ट विनंती करावी. सेवापत्रक गेले तरी पलटणीच्या लांब नामावळीत नंबर, नाव, भरती व बरतर्फी यांची एक ओळ राहिलेली असू शकते. पेन्शनराच्या बाबतीत पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) क्रमांक मिळाल्यास प्रयागराजच्या लष्करी पेन्शन कचेरीकडेही चौकशी करता येते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, पूर्वीचे सोल्जर्स बोर्ड, दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या व त्यांच्या विधवांच्या मदतीची प्रकरणे हाताळीत आले आहे. तेथील फायलीत मूळ डिस्चार्जची नक्कल जोडलेली सापडण्याचा संभव असतो.

पूर्वज जमादार किंवा सुभेदार असेल तर काम बरेच सोपे होते. सरकारने मुदतीमुदतीने छापलेल्या इंडियन आर्मी लिस्टमध्ये हिंदी अंमलदारांची नावे पलटणवार, बढतीच्या तारखांसह येतात, आणि त्यांचे अनेक खंड इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळतात.

मृतांच्या वह्या

युद्धात मृत्यू पावलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची नोंदवही हे सर्वांत उपयुक्त साधन होय. तिच्यातील शोध घरबसल्या व विनाशुल्क करता येतो. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या मुदतीत, नोकरीत असताना झालेले मृत्यूच तिच्यात येतात. घरी परतून १९३५ साली वारलेल्या पणजोबांचे नाव तेथे सापडत नाही म्हणून ते लढाईत नव्हतेच, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. त्यांना ही मुदत दाखविली पाहिजे.

नोंदीत नंबर, पलटण, मृत्यूची तारीख, स्मारक आणि पुष्कळदा अमक्याचा मुलगा अथवा अमकीचा पती, राहणार अमुक गाव, अमुक तालुका, असा मजकूर असतो. नावांची इंग्रजी रूपे लेखनिकाच्या कानाप्रमाणे उतरलेली आहेत, यास्तव केवळ आडनावाने न शोधता पलटण निवडून, जिल्हा किंवा तालुका अधिक माहितीच्या रकान्यात शोधावा. पवारांचा पोवार व जाधवांचा जाधाव झालेला तेथे सहज ओळखू येतो. मेसोपोटेमियात पडलेल्या व ज्यांची कबर वा चिता ज्ञात नाही अशांचे स्मारक बसऱ्यास, फ्रान्समध्ये पडलेल्यांचे नव्ह शापेल येथे, आणि इटलीत पडलेल्यांची दफनभूमी व दहनस्मारके कासिनो, सांग्रो, फोर्ली अशा ठिकाणी आहेत. बसऱ्याच्या स्मारकाच्या शिळांवर सामान्य हिंदी शिपायांची नावे न कोरता पलटणवार केवळ संख्या कोरली गेली. नावे वहीत राहिली. म्हणून शिळेचे छायाचित्र मिळविण्याची धडपड करण्याऐवजी वहीतील नोंदच मिळवावी.

तारीख वाचावयाची कशी याचे एक उदाहरण देतो. १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. ही डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ पासून मेसोपोटेमियातील कूत–अल–अमारा येथे वेढ्यात सापडली व २९ एप्रिल १९१६ रोजी अन्नान्नदशा होऊन तिने शरणागती पत्करली. यांपैकी एखाद्या पलटणीतील शिपायाच्या मृत्यूची तारीख वेढ्याच्या मुदतीत पडत असेल तर तो बहुधा कूतमध्येच लढून, आजाराने वा उपासमारीने गेला. आणि तारीख १९१६ च्या उन्हाळ्यातील किंवा त्यानंतरची असेल तर तो तुर्कांच्या कैदेत, वाळवंटातील वाटचालीत किंवा रेल्वेच्या कामावर गेला असण्याचा संभव मोठा. हा संभव आहे, सिद्धता नव्हे. तो शिपाई रजेवर, दवाखान्यात अथवा मागून गेलेल्या भरतीत असू शकतो. पण एका तारखेवरून पुढचा प्रश्न नेमका करता येतो, ही गोष्ट लहान नाही.

कोकणातील खलाशांच्या वंशजांनी मुंबईकडे विशेष लक्ष द्यावे. मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये १९१४–१८ चे स्मारक आहे आणि ज्यांना समुद्रावाचून दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक नाविकांची स्मृती तेथे जपली आहे; व्यापारी जहाजांवरील कोकणी खलाशांचे वंशज लष्करी रेकॉर्ड कचेऱ्यांत व्यर्थ हेलपाटे घालतात, ते यामुळे टळतील.

दूरची दप्तरे

हे सर्व झाल्यावर दिल्ली व लंडन. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात लष्करी खात्याचा प्रचंड पत्रव्यवहार आहे, परंतु हिंदी शिपायांची व्यक्तिगत सेवापत्रके तेथे ठेवलेली नाहीत. ती हिंदुस्थानात पलटणीपाशीच राहिली. तेथील एक विलक्षण संग्रह मात्र प्रत्येक शोधकाने नजरेखालून घालावा: पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील हिंदी शिपायांची पत्रे तपासणाऱ्या सेन्सॉरने काढलेले इंग्रजी उतारे. पूर्वजाचे स्वतःचे पत्र त्यात मिळेल अशी आशा नको. त्याच्या सोबत्यांच्या मनात पगार, पाऊस, बैल, भाऊबंदकी आणि थंडी यांविषयी काय चालले होते, ते कळते.

लंडनमधील क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय दप्तरखान्यात पलटणींच्या युद्धरोजनिशा आहेत, आणि मेसोपोटेमियाच्या आघाडीवरील रोजनिशा संगणकावर आलेल्या आहेत. त्यांत साध्या शिपायाचे नाव क्वचितच येते, परंतु त्याची बटालियन अमुक दिवशी कोठे होती, किती चालली, पाणी मिळाले की नाही, हे रोजच्या रोज लिहिलेले असते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर पाहता येते. आझाद हिंद सेनेत गेलेल्यांच्या वंशजांनी तिकडे अवश्य वळावे. शौर्यपदक मिळालेले असेल तर गॅझेट ऑफ इंडियातील जाहीरनामा शोधावा. दिल्लीची युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ही संस्था हिंदी सैन्याच्या इतिहासावर काम करणारी असून पहिल्या महायुद्धाविषयी तिने पुष्कळ साधने प्रकाशात आणली आहेत.

कंपनी सरकारचे व त्यापूर्वीचे दिवस

ज्यांची परंपरा आणखी मागे जाते त्यांच्यासाठी वाट मोडीतून आहे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतील कंपनीच्या पलटणीतले मृत व जखमी शिपाई तेथील स्तंभावर नावानिशी कोरले आहेत, आणि ‘नाक’ हा प्रत्यय असलेली नावे महार शिपायांची आहेत. मुंबईच्या जुन्या पलटणींत कुलाब्याकडील बेने इस्रायली अंमलदारही लक्षणीय होते. त्यांचे वंशज आज इस्रायलात असले तरी त्यांच्या शोधाची वाट याच कागदांतून जाते.

पेशवाईतील शिलेदार वा बारगीराचा शोध पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात घ्यावा लागतो. हे दप्तर रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, विषयवार व प्रांतवार बांधलेले आहे. त्यातील पागा, रोजकीर्द, प्रांत अजमास यांचे रुमाल लष्करी माणसासाठी उपयोगी. लढाईत पडलेल्याच्या मुलांस उपजीविकेसाठी जी नेमणूक होई तिला ‘बालपरवेशी’ म्हणत, आणि बालपरवेशीच्या नोंदीत मृताचे नाव, मुलाचे नाव व लढाईचे ठिकाण एकत्र येण्याचा योग असतो. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी या दप्तरातून निवडून १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड छापविले. रुमालात शिरण्यापूर्वी त्यांच्या सूची चाळाव्यात. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, कोल्हापूरचे पुराभिलेखागार, आणि संस्थानी फौजेत नोकरी असल्यास बडोदा, इंदूर व ग्वाल्हेर येथील दप्तरे, ही पुढची ठिकाणे. गोव्यातील सैनिकांसाठी पणजीचे पुराभिलेखागार पाहावे. १८९५ साली मोझांबिकला पाठविण्यास नकार देऊन बंड करणारे मराठे शिपाई पोर्तुगीज सरकारच्या नोकरीत होते, तेव्हा त्यांचे कागद पोर्तुगीज भाषेतच असणार.

मोडी शिकण्यास भिऊ नये. पुराभिलेख संचालनालय व संशोधन मंडळे मोडीचे वर्ग चालवितात, आणि रोज थोडा सराव ठेवला तर काही महिन्यांत आपल्या गावाचे व घराण्याचे नाव ओळखू येऊ लागते. तारखांसाठी जंत्री जवळ ठेवावी: पेशवाईच्या कागदांतील शुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले की इसवी सन मिळतो.

टिपण कसे लिहावे

मिळालेली माहिती गोष्टीच्या रूपाने लिहिण्याची घाई न करता प्रथम तीन रकाने आखावेत: कागदाने सिद्ध, अनुमानाने संभवनीय, आणि केवळ परंपरेने ऐकलेले. प्रत्येक विधानापुढे ते कोणत्या कागदावरून घेतले, तो कागद कोठे आहे आणि आपण तो केव्हा पाहिला, हे टिपावे. ‘नोंद मिळाली नाही’ हेही त्याच काळजीने लिहावे, कारण आपल्यामागून येणाऱ्याला त्याच वहीत तोच शोध पुन्हा घ्यावा लागू नये. पलायन, शिक्षा, दुसरे लग्न, जातीचा निराळा उल्लेख, असे काही निघाले तर ते लपवू नये. पण हयात व्यक्तींना लागेल अशी बाब प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी.

शेवटी एका कर्तव्याचा निर्देश करावासा वाटतो. युद्धस्मारकांच्या नोंदवह्यांत मराठी गावांची नावे ओळखू येणार नाहीत इतकी बिघडलेली आहेत, बापाच्या जागी भावाचे नाव आहे, तालुका चुकला आहे. आणि असा दोष पुराव्यानिशी दाखवून दिला तर कमिशन दुरुस्ती करते. फेरफाराचा उतारा, डिस्चार्जची नक्कल आणि पदकाच्या कडेचे स्पष्ट छायाचित्र जोडून लिहिलेले एक पत्र त्यासाठी पुरे होते. त्याचीच एक प्रत ग्रामपंचायतीस व शाळेस द्यावी, म्हणजे गावातील शिळेवर जो केवळ आकडा होता त्याला निदान एका माणसापुरते तरी नाव, पलटण आणि तारीख लाभेल, आणि शेजारच्या घरातील कोणाला आपलाही माणूस शोधावासा वाटला तर कोठून आरंभ करावा हे त्याला विचारीत बसावे लागणार नाही.